प्रतिकारपेशींचे चयापचय

प्रतिकारपेशी ग्लुकोज, मेदाम्ले व अमिनो आम्ले कशा वापरतात आणि त्यावरून त्यांचे काम कसे ठरते, याचा अभ्यास. निवांत टी-पेशी ग्लुकोजचे मायटोकाँड्रियात पूर्ण ज्वलन करते व एका रेणूमागे सुमारे ३० एटीपी (ऊर्जावाहक रेणू) मिळवते. जंतू ओळखून ती चेतली, की ऑक्सिजन भरपूर असूनही बरेचसे ग्लुकोज लॅक्टेटवरच सोडून देते. या वाटेने २ एटीपीच हाती येतात, पण विभाजनाला लागणारा कच्चा माल याच वाटेवर झपाट्याने मिळतो. ऑटो वारबुर्ख यांनी १९२०च्या दशकात कर्कपेशींत हीच रीत नोंदवली होती. दीर्घायुषी स्मृतिपेशींचा भर पुन्हा मायटोकाँड्रियावर असतो. दाहकाळातील मॅक्रोफेज पेशींत क्रेब्ज चक्र अडते. साचलेले सक्सिनेट दाह भडकवते, तर त्याच चक्रातून निघणारे इटाकोनेट त्याला आवर घालते.

औषधे या ज्ञानाच्या कितीतरी आधी आली, ही या विषयातील सर्वांत लक्षणीय गोष्ट. अवयवरोपणानंतर दिले जाणारे मायकोफेनोलेट प्यूरिनांची (डीएनएच्या घटकांची) नवनिर्मिती रोखते. इतर बऱ्याच पेशी जुन्या प्यूरिनांचा पुनर्वापर करून निभावतात, टी-पेशी ज्यांत मोडतात त्या लिम्फोसाइटांना ते पुरत नाही, म्हणून मारा मुख्यतः त्यांच्यावर होतो. संधिवातातील लेफ्लुनोमाइड पिरिमिडिने या डीएनएच्या दुसऱ्या घटकांबाबत हेच करते. ईस्टर बेटावरच्या मातीतील जिवाणूपासून मिळालेले रॅपामायसिन पेशीला पोषणाची वार्ता देणारे एमटॉर हे प्रथिनच दाबते. उलट, अडेनोसीन डीअमिनेज हे एकच विकर जन्मतः नसले, तर विषारी द्रव्ये साचून लिम्फोसाइट मरतात आणि बालक साध्या संसर्गापुढेही हतबल होते.

कर्काच्या गाठीत ग्लुकोज कमी व लॅक्टेट जास्त असल्याने टी-पेशी थकतात. म्हणून रुग्णाच्या टी-पेशींत जनुकीय बदल करून त्या कर्काविरुद्ध वापरणाऱ्या कार-टी उपचारात पेशीचे चयापचयही पाहावे लागते: ४-१बीबी हा घटक जोडलेल्या पेशी मायटोकाँड्रियावर अधिक विसंबतात व जास्त टिकतात. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या, २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ मध्ये हाच घटक आहे.

साखर सोडली की कर्करोग उपाशी मरतो, हा समज मात्र चुकीचा आहे. आहारात साखर नसली तरी यकृत रक्तातील ग्लुकोज राखते, आणि टी-पेशींनाही तेच लागते. अशा सल्ल्यावरून रुग्णाने उपचार थांबवू नयेत.