शिक्षणातून उद्योजकता : पाबळचा प्रयोग आणि बोरीसारख्या गावांपुढील प्रश्न

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरी हे कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी पिकविणाऱ्या पट्ट्यातील एक मोठे गाव. मराठवाड्यातील अशा गावांत दहावीचा निकाल लागला की घरोघर एकच प्रश्न विचारला जातो : पुढे काय? ज्यांच्या पदरी भरघोस गुण पडतात ते परभणी, नांदेड, लातूर किंवा पुण्याची वाट धरतात. उरलेल्यांना तुकड्यातुकड्यांत वाटली गेलेली शेती पुरत नाही आणि हाताला दुसरे कसबही नसते. शाळेत विजेचा धडा पाठ केलेल्या मुलाला विहिरीवरची मोटर का जळली हे सांगता येत नाही. क्षेत्रफळाची गणिते सोडविलेल्या मुलाला गोठ्याच्या पत्र्यांचा हिशेब मांडता येत नाही. शिक्षण आणि जगणे यांच्यातील ही दरी कशी बुजवावी, या प्रश्नाचे महाराष्ट्रात शोधले गेलेले एक महत्त्वाचे उत्तर म्हणजे पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम होय.

संकल्पना आणि पूर्वपीठिका

शिक्षणातील नवोपक्रम आणि उद्योजकता या शब्दांचा अर्थ दोन प्रकारे घेतला जातो. एक, शिकविण्याच्या रीतीत नावीन्य आणणे. आणि दुसरा, शिकणाऱ्याच्या ठायी स्वतःचा व्यवसाय उभारण्याची क्षमता निर्माण करणे. बहुतेक प्रयोग यांपैकी एकाच टोकाला थांबतात. दोन्ही टोके एकत्र बांधणारे प्रयोग मात्र थोडे आहेत.

महाराष्ट्राला या विचाराची परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र तिच्या वसतिगृहांतून रुजविले. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली. तिच्या केंद्रस्थानी हस्तोद्योग होता. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ हा शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्राचेच. विदेशातही हा विचार नवा नव्हता. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो येथे सुरू केलेल्या प्रयोगशाळेत कामातून शिकण्यालाच महत्त्व होते.

प्रत्यक्षात मात्र कार्यानुभवाचा तास अनेक शाळांतून कागदी फुले आणि शोभेच्या वस्तू करण्यापुरता उरला. केलेल्या वस्तूची कोणालाच गरज नव्हती, म्हणून ती नीट होण्याचीही गरज नव्हती. पाबळच्या प्रयोगाने नेमके येथेच बोट ठेवले.

डॉ. कलबाग आणि विज्ञान आश्रम

विज्ञान आश्रमाचे संस्थापक डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग (१९२८–२००३) हे अन्न-तंत्रज्ञानातील शास्त्रज्ञ. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि पुढे मुंबईतील हिंदुस्थान लिव्हरचा संशोधन विभाग येथे त्यांनी काम केले. ऐन उमेदीची नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम सुरू केला. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून त्याची स्थापना झाली.

डॉ. कलबाग यांची भूमिका साधी होती. माणूस हातांनी काम करताना जे शिकतो ते सर्वांत सहज आणि सर्वांत टिकाऊ असते. खेड्यातील मूल लहानपणापासून हेच करीत असते. शाळा मात्र ते थांबविते आणि त्याला बाकावर बसवून केवळ शब्द देते. म्हणून शाळेत नापास झालेला किंवा शाळा सोडलेला मुलगा बुद्धीने कमी असतो असे नव्हे. त्याची शिकण्याची वाट निराळी असते. आश्रमाच्या ग्रामीण तंत्रज्ञानविषयक एक वर्षाच्या निवासी पदविकेत म्हणूनच अशा मुलांना प्रवेश मिळाला. या अभ्यासक्रमास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता लाभली.

अभ्यासक्रमाची रचना

आश्रमाचे दुसरे आणि अधिक व्यापक काम म्हणजे माध्यमिक शाळांसाठी तयार झालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय. राज्य माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला पूर्व-व्यावसायिक विषय म्हणून स्थान दिले. त्याची मांडणी पुढीलप्रमाणे आहे.

इयत्ता आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस, म्हणजे शालेय वेळेचा सुमारे पाचवा हिस्सा, प्रत्यक्ष कामाला देतात. कामाचे चार विभाग असतात : अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. लोखंडकाम, सुतारकाम, बांधकाम, वीजजोडणी, माती-परीक्षण, रोपवाटिका, जनावरांची निगा, खाद्यपदार्थ प्रक्रिया, रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी अशी कामे यांत येतात. विद्यार्थी आळीपाळीने सर्व विभागांतून जातात. त्यामुळे मुलीही वेल्डिंग करतात आणि मुलगेही स्वयंपाकघरातील कामे शिकतात.

एकाच धंद्याचे सखोल शिक्षण न देता अनेक कसबांची तोंडओळख करून देण्यामागे कारण आहे. शहरात केवळ वेल्डिंग करणाऱ्याला दिवसभर काम मिळते. खेड्यात तेवढे काम नसते. तेथे वेल्डिंगबरोबर वीजजोडणी आणि पंपदुरुस्तीही येणाराच टिकतो.

या विषयाचे निदेशक बी. एड. झालेलेच असावेत, असा आग्रह धरला गेला नाही. गावातील कारागीर किंवा आश्रमातून बाहेर पडलेला विद्यार्थी हे काम मानधनावर करतो आणि उरलेला वेळ स्वतःच्या व्यवसायाला देतो. मुलांसमोर उभा राहणारा शिक्षक हाच मुळी एक छोटा उद्योजक असतो.

गाव हाच ग्राहक

या प्रयोगाचे मर्म लोकोपयोगी सेवेत आहे. विद्यार्थ्यांनी केलेली वस्तू शोभेच्या कपाटात जात नाही. ती कोणीतरी मागितलेली असते. शाळेचे बाक, शेताचे फाटक, पाण्याची फेरोसिमेंटची टाकी, रोपे, घरातील वीजजोडणी ही कामे गावाकडून येतात आणि त्यांचे पैसे आकारले जातात.

यामुळे दोन गोष्टी घडतात. पहिली, दर्जा राखावाच लागतो. टाकी गळली तर गुण कापले जात नाहीत. मालक तक्रार घेऊन शाळेत येतो. दुसरी, हिशेब शिकावा लागतो. फाटकाला किती किलो लोखंड लागले, वेल्डिंगच्या कांड्या किती गेल्या, वीज किती जळली, मजुरी किती धरायची आणि शेवटी किंमत काय सांगायची, हे विद्यार्थी स्वतः मांडतो. अभियांत्रिकी आराखडा काढणे आणि खर्चाचे कोष्टक मांडणे हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. उद्योजकतेवरील व्याख्यानांतून जे क्वचितच साधते ते येथे एका फाटकातून साधते. शिवाय कच्च्या मालाचा खर्च काही प्रमाणात भरून निघाल्याने शाळेवरील भारही हलका होतो.

गावाच्या गरजांतूनच आश्रमाची अनेक तंत्रे जन्मली. भूगर्भातील पाण्याचा अंदाज घेण्यासाठी विद्युतरोध मोजणारे उपकरण वापरून विद्यार्थ्यांनी शेतकऱ्यांना विहिरींबाबत सल्ला दिला. त्रिकोणी सांगाड्यांच्या जोडणीतून उभे राहणारे कमी खर्चाचे घुमट हे तर ‘पाबळ डोम’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

फॅब लॅब

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी संगणकनियंत्रित यंत्रांच्या साहाय्याने जवळजवळ कोणतीही वस्तू घडविता येईल अशा छोट्या कार्यशाळांची, म्हणजे फॅब लॅबची, कल्पना मांडली. त्यांच्या संस्थेबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पाबळला सुरू झाली. दुधाची प्रत तपासणे किंवा डिझेल इंजिनाची वेळजुळणी करणे असे तेथील प्रश्न शेतीतूनच आलेले होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फॅब’ या आपल्या पुस्तकात गर्शनफेल्ड यांनी डॉ. कलबाग आणि पाबळ यांची दखल घेतली. डॉ. कलबाग यांचे २००३ मध्ये निधन झाले. त्यानंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम चालू ठेवले.

मर्यादा

असा प्रयोग गावोगाव का पसरला नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याची कारणे शिक्षणव्यवस्थेत आहेत तशी समाजातही आहेत. पुढील प्रवेश गुणांवर आणि प्रवेश परीक्षांवर ठरत असल्याने पालकांना आठवड्यातील एक दिवस ‘वाया’ गेल्यासारखा वाटतो. हातकामाकडे कमी प्रतीचे म्हणून पाहण्याची वृत्ती जातिव्यवस्थेइतकीच जुनी आहे. आपल्या वाट्याला आलेले कष्ट मुलाच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून ज्याने त्याला शाळेत धाडले, त्या बापाला शाळेतही घण आणि फावडे दिसले तर तो नाराज होणे समजण्यासारखे आहे. हातकाम हे बुद्धीचे काम आहे, हे त्याला निकालातूनच पटवून द्यावे लागते.

दुसरी अडचण निदेशकाची. मानधन अपुरे आणि अनियमित असले तर कुशल कारागीर शाळेत टिकत नाही आणि तो गेला की अवजारे गंजू लागतात. तिसरी अडचण मोजमापाची. लेखी परीक्षेला सरावलेल्या व्यवस्थेला कसबाचे मूल्यमापन जड जाते.

शासकीय प्रयत्न

गेल्या काही वर्षांत धोरणाची दिशा बदलली आहे. अटल नवोपक्रम अभियानांतर्गत २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अटल टिंकरिंग लॅब उभारण्यास सुरुवात झाली. निवडलेल्या शाळेला ५ वर्षांत २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची त्यात तरतूद होती. २०२५–२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील ५ वर्षांत सरकारी शाळांतून अशा ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा करण्यात आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना १० दिवस सुचविले असून या काळात त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे, अशी अपेक्षा आहे. प्रौढांसाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र ही संस्था १९८८ पासून प्रशिक्षण देत आली आहे.

यंत्रसामग्री मिळणे मात्र पुरेसे नाही. त्रिमितीय छपाईयंत्रावर किल्लीची साखळी तयार करणारी प्रयोगशाळा आणि कागदी फुले करणारा कार्यानुभवाचा तास यांत फार अंतर नाही. यंत्र नवे असले तरी वस्तू मागणारा कोणी नसेल तर जुनीच चूक पुन्हा होते.

परभणी जिल्हा आणि बोरी

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता आणि आधुनिक शिक्षणाचा प्रसार येथे उशिरा झाला. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के असताना परभणी जिल्ह्याची सुमारे ७३ टक्के होती. मात्र याच जिल्ह्याकडे राज्यातील चारपैकी एक कृषी विद्यापीठ आहे. परभणीचे कृषी महाविद्यालय १९५६ मध्ये आणि विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी आणि ‘परभणी मोती’ ही ज्वारी या त्याच्या परिचित वाणांपैकी होत. पाबळला जे ज्ञान दूरवरून आणावे लागले, त्याचा मोठा भाग बोरीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणीच आहे.

बोरीसारख्या गावातील शाळेला पहिले काम कोणते घेता येईल, याचे उदाहरण सोयाबीनच्या बियाण्यात आहे. घरचे बियाणे पेरणाऱ्या शेतकऱ्याला त्याची उगवणक्षमता ठाऊक नसेल तर दुबार पेरणीची पाळी येते. तपासणी सोपी आहे : ओल्या गोणपाटावर ओळीने १०० दाणे मांडायचे, गुंडाळी सावलीत ओली ठेवायची आणि सुमारे आठवड्याने सशक्त कोंब मोजायचे. ७० किंवा अधिक दाणे उगवले तर एकरी ३० किलोची शिफारस लागू पडते. ६० च उगवले तर त्रैराशिकाने ३५ किलो बियाणे लागेल आणि त्याहून फार कमी उगवले तर ते बियाणे पेरू नये. हे काम पेरणीपूर्वी उरकायचे असते आणि त्याला गोणपाटाखेरीज भांडवल लागत नाही. त्यात जीवशास्त्र आहे, गणित आहे आणि ज्याला उत्तर हवेच आहे असा ग्राहकही आहे. पुढे याच वाटेने माती-परीक्षण, पंपदुरुस्ती, ठिबक संचाची देखभाल आणि पऱ्हाटीपासून इंधनकांड्या अशी कामे जोडता येतात.

पाबळच्या अनुभवातून अशा उपक्रमासाठी तीन किमान अटी निघतात : आठवड्यातील एक अखंड दिवस, नियमित मानधन मिळणारा स्थानिक कारागीर-शिक्षक आणि गावाने दाम मोजून दिलेले खरे काम. यांतील पहिली अट मुख्याध्यापकांच्या हाती आहे, दुसरी शासनाच्या आणि तिसरी गावाच्या. तिन्ही पाळल्या गेल्या तर दहावीनंतर गावात राहणारा मुलगा हा मागे राहिलेला मुलगा ठरणार नाही.