एक अँटेना, अनेक खोल्या : छतावरच्या एका प्रश्नाचा इतिहास

१/ छतावर अँटेना एक आणि घरात संच दोन. एक बैठकीच्या खोलीत, दुसरा आतल्या खोलीत. तार दोन्हीकडे कशी न्यावी? आज हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु याच प्रश्नाच्या पोटी केबल नावाचा उद्योग जन्मास आला आणि ‘अँटेना कोणाचा?’ हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आजचा धागा त्याविषयी.

२/ आरंभ जपानमध्ये. सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि त्यांचे ज्येष्ठ प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये एका नव्या अँटेनाविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. प्रयोगांचा मोठा भार उदांनी वाहिला. परंतु १९२८ मध्ये यागींचा इंग्रजी लेख प्रसिद्ध झाला आणि जगाच्या तोंडी एकट्या यागींचेच नाव रुळले.

३/ रचना साधी होती. एका आडव्या दांडीवर धातूच्या अनेक नळ्या. त्यांपैकी तार जोडलेली नळी एकच. तिच्या मागची किंचित लांब नळी लहरी परतवते; पुढच्या आखूड नळ्या त्या लहरींना वाट दाखवतात. पुढच्या नळ्या जितक्या अधिक, तितकी अँटेनाची नजर दूरची, पण अरुंद. म्हणूनच तो प्रक्षेपकाकडे नेमका रोखावा लागतो.

४/ पन्नाशीच्या दशकात हेच उदा युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काही काळ कार्यरत होते. त्याच दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी भारतातील दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. पुढे देशभरच्या छतांवर जे सांगाडे उभे राहिले, ते बव्हंशी यागी-उदा घराण्याचेच.

५/ मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. या लहरी सरळ रेषेत जातात; मध्ये सह्याद्री. म्हणून वर्षभराने, १९७३ मध्ये, पुण्यासाठी सिंहगडावर सहप्रक्षेपक उभारावा लागला. छतावर कोणीतरी दांडा फिरवतो आहे, खिडकीतून ‘मुंग्या गेल्या का?’ अशी विचारणा होते आहे, हे दृश्य त्या काळचे.

६/ ते अँटेना इतके मोठे का असत? कारण नळीची लांबी लहरीच्या लांबीच्या सुमारे निम्मी ठेवावी लागते. ६० मेगाहर्ट्‌झच्या आसपास लहर सुमारे पाच मीटरांची. म्हणजे नळी जवळजवळ अडीच मीटरांची. अँटेनाची निवड प्रथम वाहिनीच्या लहरीवरून आणि मग प्रक्षेपकापासूनच्या अंतरावरून करावयाची, हा नियम येथूनच आला.

७/ आता मूळ प्रश्न. अँटेनात येणारी शक्ती अत्यल्प असते आणि ती वाटली की घटते. दोन संचांत विभागली तर प्रत्येकाच्या वाट्यास निम्म्याहूनही थोडी कमी येते, चारांत पावाहूनही कमी. तार नुसतीच पिळून जोडली, तर लहर तारेत उलटी फिरते आणि चित्रामागे दुसरे फिकट चित्र उमटते. त्यास लोक ‘भूत’ म्हणत.

८/ उपाय असा : वाटणीसाठी योग्य स्प्लिटर, कोॲक्सियल केबल आणि दुर्बल संदेश असेल तर बूस्टर. परंतु बूस्टर अँटेनाजवळ, वाटणीच्या आधी. संचाजवळ बसवला तर लांब तारेत क्षीण झालेल्या संदेशाबरोबर मुंग्याही वाढतात. आधी बळ द्यावे, मग वाटावे. पुढचा सारा इतिहास या एका सूत्रावर उभा आहे.

९/ १९४८, अमेरिकेतील ॲस्टोरिया हे बंदर. सर्वांत जवळचे दूरचित्रवाणी केंद्र सुमारे २०० किलोमीटरांवर सिॲटलला. एड पार्सन्स नावाच्या रेडिओवाल्याने एका हॉटेलच्या छतावर अँटेना चढवला आणि तेथून रस्त्यापलीकडच्या आपल्या घरी तार नेली. घरात पाहुण्यांची रीघ लागली. मग तार हॉटेलच्या दिवाणखान्यात गेली, नंतर दुकानांत आणि शेजाऱ्यांकडे.

१०/ पेनसिल्वेनियातील लॅन्सफर्ड हे गाव डोंगराच्या आड होते. तेथे रॉबर्ट टार्ल्टन आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये डोंगरावर अँटेना उभारून गावभर तार फिरवली व वर्गणी घेतली. वाटेतले बूस्टर मिल्टन शॅप यांच्या जेरोल्ड कंपनीचे. हे शॅप पुढे त्याच राज्याचे गव्हर्नर झाले. या व्यवस्थेचे नाव होते ‘सामुदायिक अँटेना’.

११/ आणि येथेच कायद्याचा पेच उभा राहिला. स्वतःच्या छतावरील अँटेनाने चित्रपट पाहणे हा गुन्हा नव्हे. मग दुसऱ्याने डोंगरावर लावलेल्या अँटेनाने पाहणे? १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केबल कंपनीच्या बाजूने कौल दिला : ही व्यवस्था प्रेक्षकाची ग्रहणशक्ती वाढवते, इतकेच. पुढे १९७६ च्या कायद्याने संसदेने ही मुभा बदलली आणि केबलवर स्वामित्वशुल्क बसवले.

१२/ आपल्याकडे ऐंशीच्या दशकात मुंबईच्या उंच इमारतींत एका व्हीसीआरपासून घराघरांत तारा गेल्या. १९९१ नंतर त्याच तारांना उपग्रहाची तबकडी जोडली गेली. छतांवरचे सांगाडे गंजू लागले, कारण तारेतून आयत्या वाहिन्या मिळत होत्या आणि दांडा फिरवण्याचा त्रास नव्हता.

१३/ परंतु त्रासाबरोबर आणखी काहीतरी गेले. १९९५ च्या केबल कायद्यात तरतूद करावी लागली की केबलचालकाने दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या दाखवल्याच पाहिजेत. जी वाहिनी आकाशातून फुकट येत होती, ती घरात यावी म्हणून कायदा लागला! अँटेना ज्याच्या हाती, निवड त्याच्या हाती.

१४/ या कथेचा शेवटचा खटला २०१४ चा. ‘एरिओ’ ही कंपनी प्रत्येक ग्राहकास नाण्याएवढा स्वतंत्र अँटेना भाड्याने देई आणि चित्र इंटरनेटवरून पाठवी. युक्तिवाद जुनाच : अँटेना ग्राहकाचा, आम्ही फक्त तो दूर ठेवला. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला. कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली.

१५/ गेल्या काही वर्षांत दूरदर्शनने आपले बहुतेक जुने भूप्रक्षेपक बंद केले. छतावरच्या त्या नळ्यांना ऐकण्याजोगे फारसे उरले नाही. मासिक शुल्काविना चालणारी ‘फ्री डिश’ची तबकडी मात्र २००४ पासून लाखो घरांवर आहे. त्या तबकडीखालच्या घरांत निवड अजून छतावरूनच होते.

१६/ एका खोलीची तार दुसऱ्या खोलीत, मग शेजारी, मग गावात, मग कंपनीकडे. प्रत्येक टप्प्यावर चित्र अधिक स्वच्छ होत गेले आणि अँटेना प्रेक्षकापासून एकेक पाऊल दूर. मुंग्या गेल्या, हे खरे. पण वाहिनी कोणती यावी हे ठरवणारा दांडाही आपल्या हातून गेला. जुन्या इमारतीच्या गच्चीवर एखादा वाकडा सांगाडा अजून दिसला, तर तो कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे, ते पाहावे. प्रक्षेपकाची दिशा त्यास अजून ठाऊक असते.

(धागा समाप्त)