रेडियमची रुई आणि सरकी

अकोल्या-अमरावतीकडे कापूस जिनात गेला की रुई वेगळी, सरकी वेगळी. जिनिव्हाजवळच्या सर्नमधल्या आयसोल्डेत अशीच निवड अणूंची होते. युरेनियम कार्बाइडवर प्रोटॉन आदळले की इतर अनेक मूलद्रव्यांसोबत रेडियमही तयार होतं. त्यात फ्लोरीनयुक्त वायू सोडला की रेडियम मोनोफ्लोराइडचे आयन बनतात. चुंबक त्यांना वस्तुमानानुसार निवडतो.

या किरणोत्सारी रेणूचा पहिला लेझर-अभ्यास २०२० साली ‘नेचर’मध्ये आला. पण २०१६ मध्येच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या आणि मुंबईच्या भाभा केंद्रातल्या संशोधकांनी त्याचं गणित मांडलं होतं.

खटाटोप कशासाठी? रेडियमच्या काही समस्थानिकांचं केंद्रक नाशपातीच्या आकाराचं असतं. काळाच्या सममितीतला बारीक बिघाड त्यात ठळक दिसू शकतो. विश्वात प्रतिपदार्थ संपला आणि आपण उरलो, ते कसं, याचा धागा तिथे असू शकतो.