फोटो कोणाचा, निगेटिव्ह कोणाकडे

‘बूद्वार’ म्हणजे फ्रेंच घरातली बाईची स्वतःची खोली. शब्दाचे मूळ रुसण्यात आहे; त्यामुळे माजघरापेक्षा कैकेयीच्या कोपभवनाशी त्याचे नाते जवळचे. त्या खोलीतल्या मोकळेपणाने, थोडक्या कपड्यांत, स्वतःसाठी किंवा जोडीदारासाठी काढून घेतलेले फोटो ते बूद्वार फोटो. बदलापूर पश्चिमेच्या बेलवलीसारख्या जुन्या गावाला हा प्रकार नवा वाटेल. पण काढलेला फोटो कोण पाहणार आणि कोणाकडे राहणार, हा प्रश्न फोटोच्या धंद्याइतकाच जुना आहे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांपैकी. दोनच वर्षांनी, 1856 मध्ये, रेल्वे कल्याणहून बदलापुरावरून खोपोलीच्या दिशेने गेली आणि मुंबईचे स्टुडिओ या पट्ट्याच्या आवाक्यात आले. घरंदाज बायका मात्र तिथे सहजी जात नसत. परका पुरुष काळ्या कापडाखाली डोके घालून आपल्याकडे निरखून पाहणार, ही अडचण होतीच. शिवाय काचेची प्लेट, म्हणजे तेव्हाची निगेटिव्ह, त्याच्याच कपाटात राहणार.

या अडचणीवरचा सर्वांत विचारपूर्वक तोडगा हैदराबाद संस्थानात निघाला. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये तिथे खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. भोवती उंच भिंती होत्या. आत कॅमेरा चालवणारी बाई, केनी-लेव्हिक नावाची इंग्रज महिला, आणि तिच्या मदतनीसही बायकाच. महत्त्वाचे म्हणजे प्लेट धुण्यापासून छपाईपर्यंतचे कामही त्याच करीत. फोटो काढणारीवर विश्वास असून भागत नाही, पुढे तो ज्या ज्या हातांतून जातो त्या सगळ्यांवर तो असावा लागतो, हे दीनदयाळांना उमगले होते. आजच्या अनेक करारांत एवढीही समज दिसत नाही.

त्याआधी चार वर्षे, 1888 मध्ये, इंग्लंडच्या कोर्टात पोलार्ड खटला गाजला. एका बाईने पैसे देऊन फोटो काढून घेतला. दुकानदाराने त्याचे नाताळाचे कार्ड बनवले आणि दुकानाच्या काचेत मांडले. कोर्टाने मनाई केली: ग्राहकाने फोटो ज्या कामासाठी काढून घेतला, त्यापलीकडे तो वापरणे म्हणजे करारभंग आणि विश्वासभंगही. इंग्लंडचा 1911 चा कॉपीराइट कायदा पुढे भारतातही लागू झाला, आणि मोबदला देऊन काढवलेल्या फोटोचा पहिला हक्क ग्राहकाकडे आला. 1957 च्या भारतीय कायद्यातील कलम 17 नेही तेच ठेवले. अट एवढीच की उलट करार झालेला नसावा.

कायदा ग्राहकाच्या बाजूचा असला तरी निगेटिव्ह स्टुडिओच्या ताब्यात असे. पाकिटावर नंबर टाकून ती डब्यात जाई. जादा कॉपी हवी तर पुन्हा त्याच दुकानात जावे लागे. रिटचिंग करणारा निगेटिव्ह उजेडावर धरून टोकदार पेन्सिलीने गालावरचे डाग बुजवी, म्हणजे तो चेहरा तिऱ्हाईताने सर्वांत जवळून पाहिलेला असे. एखादी नवरी फोटोत छान आली की मोठी फ्रेम होऊन शोकेसमध्ये लागे. परवानगी क्वचितच विचारली जाई. कोणी म्हणे, “आमचा फोटो लावलाय!”, कोणाचे सासरे येऊन तो उतरवायला लावत. संमती अशी फोटो लागल्यानंतर, तोंडी, आणि बहुधा घरातल्या पुरुषाकडून ठरे.

डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्ह गेली. तिच्या जागी मेमरी कार्ड, हार्ड डिस्क, एडिटरचा संगणक, अल्बम छापणारी लॅब आणि क्लाउड आले. शोकेसची जागा इन्स्टाग्रामने घेतली. कायदाही मागून पोचला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने कलम 66ई आले. त्यानुसार संमतीविना खाजगी अवयवांचा फोटो काढणे आणि तो प्रसारित करणे, दोन्ही गुन्हे ठरले. दंडविधानात 2013 मध्ये 354सी कलम आले. बाईने खाजगी फोटो काढायला होकार दिला, पण इतरांना दाखवायला दिला नाही, तर तो पसरवणे हा गुन्हा, असा खुलासा त्यात होता. 1 जुलै 2024 पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये पुट्टस्वामी निकालात खाजगीपणाला मूलभूत हक्क मानले.

चांगले फोटोग्राफर आता बुकिंगचा कागद आणि फोटो दाखवण्याचे संमतीपत्र वेगवेगळे ठेवतात, आणि दुसऱ्यावर सही न केल्यास दर वाढवत नाहीत. मूळ फाइल किती दिवसांनी पुसणार, शूटच्या वेळी खोलीत कोण असणार, अल्बम कुठे छापणार, हेही लिहून देतात. छापील करारात मात्र ‘सर्व हक्क स्टुडिओकडे’ ही ओळ बहुधा शेवटी, बारीक टायपात असते, आणि कलम 17 ने ग्राहकाला दिलेला हक्क त्या एका ओळीने जातो. सही करण्याआधी ती शोधावी आणि खोडायला सांगावी.