ज्यूंच्या धर्मग्रंथावर चांदीची डाळिंबं का असतात? कोकण-मुंबईच्या सिनेगॉगमधल्या चांदीची गोष्ट

मुंबईच्या मध्य रेल्वेवरचं ‘मस्जिद’ स्टेशन सगळ्यांना माहीत आहे. पण हे नाव ज्या ‘मशिदी’वरून पडलं असं मानतात, ती मुसलमानांची नाही, ज्यूंची आहे. मांडवी भागातलं ‘शार हारहमीम’ हे सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलं. मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणायचे.

अशा सिनेगॉगमध्ये एकही मूर्ती नसते. देवाची प्रतिमा करायची नाही, ही दहा आज्ञांपैकी एक आज्ञा आहे. आपल्याकडे चांदीचा मुखवटा, चांदीचे टाक, चांदीची प्रभावळ असते. मूर्तीच नाही म्हटल्यावर ज्यूंनी चांदी कुणाला चढवली? ग्रंथाला.

सेफर तोरा म्हणजे काय?

मोशेचे पाच ग्रंथ म्हणजे तोरा. सिनेगॉगमध्ये ती चर्मपत्राच्या लांबलचक गुंडाळीवर हाताने लिहिलेली असते. तिला ‘सेफर तोरा’ म्हणतात. त्यात तीन लाखांहून जास्त अक्षरं असतात. एक अक्षर जरी पुसलं, तरी दुरुस्ती होईपर्यंत त्या गुंडाळीतून वाचन करता येत नाही.

ही गुंडाळी भिंतीलगतच्या पवित्र कपाटात ठेवतात. वाचनाच्या वेळी ती बाहेर काढली की लोक उभे राहतात, तिला स्पर्श करून हात ओठांना लावतात. चांदीच्या बहुतेक वस्तू याच गुंडाळीच्या आजूबाजूच्या आहेत.

कोणकोणत्या वस्तू असतात?

पेटी: युरोपातले ज्यू गुंडाळीला कापडी झगा घालतात आणि त्यावर चांदीचा मुकुट व छातीवर पदक लावतात. इराककडच्या ज्यूंची पद्धत वेगळी. ते गुंडाळी उभ्या लाकडी पेटीत ठेवतात. तिला ‘तिक’ म्हणतात. ती कपाटासारखी मधोमध उघडते आणि गुंडाळी उभीच ठेवून वाचतात. आपल्याकडे गाभाऱ्याच्या दारावर चढवतात तसा काही पेट्यांवर चांदीचा नक्षीदार पत्रा चढवलेला असतो. पुण्याचं ‘लाल देऊळ’ म्हणजेच ओहेल डेव्हिड सिनेगॉग बांधणारे डेव्हिड ससून मूळचे बगदादचे. त्यांच्यासारख्या कुटुंबांबरोबर ही पद्धत इथे आली. कोकणातले बेने इस्राएलही तोरा अशाच पेटीत ठेवतात.

डाळिंबं: पेटीच्या किंवा दांड्यांच्या टोकांवर चांदीचे तुरे बसवतात. त्यांना ‘रिमोनीम’ म्हणतात. हिब्रूत त्याचा अर्थच डाळिंबं. बायबलमधल्या वर्णनानुसार महायाजकाच्या झग्याच्या घेराला डाळिंबं आणि सोन्याच्या घंट्या लावलेल्या असत. म्हणूनच या तुऱ्यांनाही लहान घुंगरं असतात आणि तोरा निघाली की ती वाजतात. डाळिंबात ६१३ दाणे असतात आणि तोरात ६१३ आज्ञा, असंही परंपरा सांगते.

हात: वाचणारा ओळीवर बोट ठेवत नाही. चर्मपत्राला उघडा हात लावायचा नाही असा दंडक आहे आणि हाताच्या घामानं, तेलानं शाईही खराब होते. त्यासाठी चांदीची कांडी असते. तिच्या टोकाला तर्जनी पुढे केलेला इवलासा हात असतो. तिचं नाव ‘याद’, म्हणजे हिब्रूत हात.

घरातल्या वस्तू: शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होताना ‘किद्दुश’चा प्याला लागतो. बेने इस्राएल घरांत त्यात वाइनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत घालायची जुनी रीत आहे. शनिवारी रात्री शब्बाथ संपताना सुगंधी पदार्थांचा वास घेतात. त्यासाठी युरोपात मनोऱ्याच्या आकाराच्या चांदीच्या डब्या घडवल्या गेल्या.

एवढी सजावट कशाला?

ज्यू धर्मात ‘हिद्दूर मिट्झवा’ नावाचा विचार आहे. आज्ञा नुसती पाळू नका, सुंदर करून पाळा. प्याला काचेचा असला तरी किद्दुश होतोच. चांदीचा प्याला हा आपल्याकडून घातलेला जास्तीचा मान.

मात्र मूर्ती चालत नाही म्हटल्यावर कारागिराकडे उरतात पानं, फुलं, फळं, मुकुट आणि अक्षरं. म्हणूनच या कामात हिब्रू अक्षरांना एवढं महत्त्व येतं.

अक्षरांवरून साल कसं काढायचं?

अशा वस्तूंवर बऱ्याचदा दात्याचं किंवा ज्याच्या स्मरणार्थ दान दिलं त्याचं नाव आणि हिब्रू साल कोरलेलं असतं. हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत असते. समजा, तव (४००), रेश (२००) आणि हेत (८) ही अक्षरं आहेत. बेरीज ६०८. यात १२४० मिळवले की इसवी सन १८४८ मिळतं. ज्यू नववर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होत असल्यानं ज्यू वर्षाच्या सुरुवातीच्या, म्हणजे डिसेंबरअखेरपर्यंतच्या महिन्यांसाठी एक वजा करायचा.

लोकच उरले नाहीत तर?

खरा प्रश्न इथे आहे. तोराच्या सार्वजनिक वाचनाला परंपरेनुसार किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला ‘मिन्यान’ म्हणतात. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर बहुसंख्य बेने इस्राएल तिकडे गेले. २०११ च्या जनगणनेत भारतभरात पाच हजारांहूनही कमी ज्यू नोंदले गेले. रायगड जिल्ह्यातल्या ज्या गावांची नावं पेणकर, रोहेकर, नवगावकर अशा आडनावांत टिकून आहेत, तिथे आता दहा माणसं जमवणंच कठीण.

मग पेटीचं, डाळिंबांचं काय करायचं? याचा नियम सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या ‘मिश्ना’ या ग्रंथात आहे. सिनेगॉग विकलं, तर त्या पैशातून तोराचं कपाट घ्यावं. कपाट विकलं तर तोराची वस्त्रं, वस्त्रं विकली तर ग्रंथ, ग्रंथ विकले तर तोरा. तोरा विकून मात्र खालचं काहीच घ्यायचं नाही. म्हणजे पैसा नेहमी जास्त पवित्र गोष्टीकडेच जायला हवा.

तोराला लागून असलेली पेटी आणि वस्त्रंही पवित्र मानतात. ती जीर्ण झाली तरी टाकून देत नाहीत, जपून ठेवतात. वाचता न येणारी गुंडाळी तर दफन करतात. किद्दुशच्या प्याल्याला हे बंधन नाही, तो धुऊन रोज वापरता येतो.

म्हणून एखाद्या संग्रहालयात काचेमागे चांदीची डाळिंबं दिसली, तर आधी त्यांच्यावरचं नाव आणि साल शोधा. चांदीचं वजन आणि नक्षी कुणीही सांगेल, पण ती कुणासाठी वाहिली होती आणि कोणत्या गावची होती, हे त्या दोन ओळींतूनच कळू शकतं. फार घासूनपुसून चकचकीत केलेल्या चांदीवर नेमक्या त्याच ओळी आधी झिजतात.