चिमट्याची कुळकथा

दिवाळीच्या दिवसांत फराळाच्या धांदलीत असलेल्या गृहिणीला विचारावे, की बाई, तुझा सर्वांत मोठा भरवसा कशावर? ती सांडशीकडे बोट दाखवील. उकळत्या तेलाची कढई उतरवायची ती तिच्याच जिवावर. परंतु ही सांडशी किती मोठ्या कुळातली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 'संदंश' ह्या संस्कृत शब्दाचे ते मराठी रूप. सुश्रुताने शल्यकर्माची 101 यंत्रे सांगितली. त्यांत संदंशयंत्रे दोन प्रकारची, लांबीने 16 अंगुळे. त्याच संहितेत रक्त थांबवण्याचे चार उपाय आहेत आणि त्यांतला अखेरचा आहे दहन, म्हणजे डाग देणे. चिमटा आणि अग्नी असे एकाच ग्रंथात नांदत होते, पण वेगवेगळ्या दालनांत. त्यांचे लग्न लावले ते पुढे विजेने. त्या लग्नाचीच ही हकीकत.

जालन्याच्या एमआयडीसीत उभे राहून ती सांगण्यात एक औचित्य आहे. जालना म्हटले की घरबांधणीची सळई आठवते. येथे लोखंड आणि वीज ह्यांची गाठ रोज पडते. भट्टीभोवती तांब्याचे वेटोळे असते; त्यातून झरझर दिशा बदलणारा प्रवाह सोडला, की आतल्या भंगारातच प्रवाह उपजतात आणि ते पंधराशे अंशांच्या पुढे तापून वितळते. ज्वाळा त्याला शिवतही नाही. शस्त्रक्रियेच्या चिमट्यातही मर्म हेच आहे. चिमटा तापवून रक्तवाहिनीला लावायचा नसतो. प्रवाह तिच्यातूनच जातो, उष्णता तिच्याच ठायी निर्माण होते आणि तिचे तोंड मिटते.

पण माणसाच्या देहातून वीज न्यायची, तर धक्क्याचे काय? घरची वीज सेकंदाला 50 आवर्तने करते, आणि तिचा झटका आपण जाणतो. 1891 साली फ्रान्समधील दार्सोंव्हाल ह्या शास्त्रज्ञाने दाखवले, की आवर्तने दहा हजारांच्या पलीकडे नेली, तर स्नायू आकसत नाहीत, नुसती ऊब निर्माण होते. आजची यंत्रे सेकंदाला काही लक्ष आवर्तनांवर चालतात. मज्जातंतूंना त्या वेगाची दखल घ्यायला सवडच मिळत नाही.

ह्या ज्ञानाला शस्त्रक्रियागृहात मानाचे पान मिळाले ते 1 ऑक्टोबर 1926 रोजी, अमेरिकेतील बोस्टन शहरी. एका रुग्णाच्या डोक्यावरील गाठ काढताना रक्त आवरेना, म्हणून हार्वे कुशिंग ह्या मेंदूच्या नामांकित शल्यवैद्याला काही दिवसांपूर्वी काम अर्ध्यावर सोडावे लागले होते. आता त्यांच्या मदतीला विल्यम बोव्ही आले. हे गृहस्थ मूळचे वनस्पतिशास्त्राचे! त्यांनी बनवलेल्या यंत्राने रक्त थांबले आणि गाठ निघाली.

तरीही एक भय उरले. टोकातून शिरलेला प्रवाह देहातून वाट काढीत मांडीखालच्या पट्टीवाटे परत जाई. पट्टी नीट टेकलेली नसली, की सारा प्रवाह इवल्याशा जागी गोळा होऊन तेथेच भाजे. इलाज डोक्याचा आणि जखम मांडीला! अमेरिकेतीलच जेम्स ग्रीनवुड ह्यांनी 1940 साली तोड काढली. चिमट्याची दोन टोके हीच विजेची दोन दारे करायची. एका टोकातून प्रवाह निघावा, मधल्या उतीतून जावा आणि दुसऱ्या टोकातून परतावा. पुढे 1955 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या लेनर्ड मॅलिस ह्यांनी त्याजोगे यंत्र सिद्ध केले. अग्नीची वाट आखडत आखडत एखाद्या मिलिमीटरवर आली. ह्या शास्त्राची सारी प्रगती मला ह्या एका वाक्यात दिसते.

असा चिमटा घडवणे मात्र सोपे नव्हे. दोन्ही पाती सारख्या लवचिकतेची हवीत. टोके एकमेकांवर अचूक बसायला हवीत, आणि मुळाशी ती जोडलेली असूनही वीज एकीतून दुसरीत जाता कामा नये. टोके तेवढी उघडी ठेवून बाकी अंगावर नायलॉनसारखे रोधक लेपन चढवतात. त्या लेपनाला केसाएवढी भेग जरी पडली, तरी वीज तेथून निसटते आणि शल्यवैद्याच्या नजरेआड भाजते. वारंवारच्या वाफाळणीने, घासण्याने लेपन जुने होते. टोकांवर काजळी धरते. म्हणूनच एकदाच वापरून टाकायचा चिमटा निघाला. तो कोऱ्या पाकिटात बंद करून वायूने किंवा किरणांनी निर्जंतुक करतात. वैद्यकीय वस्तू किरणांनी निर्जंतुक करणारा 'आयसोमेड' प्रकल्प आपल्या तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्राने 1974 सालीच उभारला.

आपल्या घरांत वस्तू फेकणे म्हणजे पाप. आजीची सांडशी नातसुनेच्या हाती येते. अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला नवा कोरा चिमटा तासाभरात टाकलेला पाहून हळहळ वाटणारच. शिवाय खर्च अखेर रुग्णाच्याच माथी. त्यासाठी दुसरा मार्ग आहे: पुन्हा वापरण्यासाठीच घडवलेला दणकट चिमटा घ्यावा, दर खेपेस तपासावा, शास्त्रशुद्ध निर्जंतुक करावा. त्यात कमीपणा नाही. परंतु एकदाच वापरण्याचा म्हणून विकत घेतलेला चिमटा धुऊन पुन्हा वापरणे, ही काटकसर नव्हे. वाचलेले पैसे एकाचे आणि भेगेची जोखीम दुसऱ्याची, तीही तो बेशुद्ध असताना!

आणि फेकलेले सगळेच मातीत जाते असेही नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी सुया, पाती अशा टोकदार धातूच्या कचऱ्याला निर्जंतुक करून, तुकडे करून परवानाधारक लोखंडाच्या ओतशाळेत पाठवण्याची वाट ठेवली आहे. म्हणजे विजेने ज्याला कामाला लावले, ते लोखंड पुन्हा भट्टीच्या दारी येऊ शकते.

तेव्हा ह्या दिवाळीत कढई उतरवताना क्षणभर सांडशीकडे पाहा. तिच्या कुळाने शतकानुशतके एकच व्रत पाळले आहे: अग्नीशी गाठ घालून द्यायची, पण भाजू द्यायचे नाही.