लव्हाळा एक नव्हे, दोन: भातातील लव्हाळा आणि नागरमोथा कसे ओळखावेत?

रायगडच्या किनारपट्टीवर भाताच्या खाचरात आणि भातानंतरच्या पांढऱ्या कांद्यात दिसणाऱ्या तिधारी दांड्याच्या तणाला सरसकट ‘लव्हाळा’ म्हटले जाते. प्रत्यक्षात यात सायपेरस या एकाच प्रजातीतील दोन वेगळ्या जाती असतात. सायपेरस इरिया हा बियांपासून येणारा वर्षायू लव्हाळा, तर सायपेरस रोटंडस म्हणजे गाठींपासून पसरणारा बहुवर्षायू नागरमोथा. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून मजुरी किंवा तणनाशकावर खर्च करण्याआधी तण नेमके कोणते, ते पाहावे.

ओळख

दोन्हींचा दांडा तीन कडांचा असतो, त्यामुळे त्यावरून फरक कळत नाही. पुढील खुणा पाहाव्यात.

- मुळे: इरियाला पिवळसर-तांबूस तंतुमय मुळांचा झुबका असतो, गाठी नसतात. नागरमोथ्याच्या बुडाशी फुगीर कंद असतो आणि जमिनीखाली बारीक दोऱ्यांसारख्या खोडांनी जोडलेल्या काळपट गाठींची साखळी असते.
- वास: नागरमोथ्याची गाठ चुरगळल्यास उटण्यासारखा वास येतो.
- तुरा: इरियाचा तुरा पिवळसर, तर नागरमोथ्याचा तांबूस-तपकिरी असतो.
- जागा: इरिया ओलसर, पाणी कमी असलेल्या खाचरात जास्त येतो. नागरमोथा बांध, रोपवाटिका, भाजीपाला आणि कांद्याच्या वाफ्यात आढळतो.

तुरा येण्यापूर्वी खात्री करायची असल्यास झाड उपटू नये, खुरप्याने खणून काढावे. उपटताना नागरमोथ्याची जोडखोडे तुटतात आणि गाठी जमिनीतच राहतात. हातात फक्त मुळे आल्याने तो इरिया वाटतो आणि फसगत होते.

इरियाचे नियंत्रण

इरिया साधारण महिनाभरात फुलोऱ्यावर येतो आणि एका झाडापासून हजारो बिया पडतात. बी बारीक असल्याने ते जमिनीच्या अगदी वरच्या थरातूनच उगवते.

1. चिखलणी व सपाटीकरण नीट करावे. उंचवट्यावर पाणी टिकत नाही, तिथेच इरिया आधी उगवतो.
2. लावणीनंतर रोपे सावरली की खाचरात उथळ पाणी टिकवून ठेवावे.
3. उगवणपूर्व तणनाशक वापरायचे असल्यास प्रेटिलाक्लोर लावणीनंतर 3 ते 5 दिवसांत, लेबलवरील मात्रेनुसार वापरावे.
4. बेणणी तुरा येण्यापूर्वी करावी. बी धरलेली झाडे बांधावर टाकू नयेत.

नागरमोथ्याचे नियंत्रण

येथे बियांपेक्षा गाठी महत्त्वाच्या. बहुतेक गाठी वरच्या 15 सें.मी. थरात असतात. शेंडा खुरपला तरी गाठीवरचा दुसरा डोळा फुटतो. पॉवर टिलरने साखळीचे तुकडे होतात, सुट्या झालेल्या गाठी फुटतात आणि वाफाभर पसरतात. कांद्यात वापरले जाणारे पेंडिमिथॅलिन गाठींतून येणाऱ्या कोंबांना रोखत नाही. काळे प्लॅस्टिक आच्छादनही हे टोकदार कोंब भेदतात.

1. कांदा काढल्यानंतर पावसापर्यंतचा काळ हीच खरी संधी. जमीन नांगरून गाठी वर आणाव्यात, शक्य तेवढ्या वेचाव्यात आणि बाकीच्या कडक उन्हात सुकू द्याव्यात. नवे कोंब आल्यास नांगरट पुन्हा करावी.
2. वेचलेल्या गाठी शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत.
3. नागरमोथा असलेल्या वाफ्यातील माती किंवा रोपे दुसऱ्या शेतात नेऊ नयेत. अवजारे धुऊनच हलवावीत.
4. नागरमोथ्याला सावली सोसत नाही. रिकाम्या वाफ्यात ताग किंवा धैंच्याचे दाट पीक घेतल्यास त्याचा जोर कमी होतो.

एका हंगामात नागरमोथा संपत नाही. मात्र नव्या गाठी तयार होऊ दिल्या नाहीत, तर तो दरवर्षी कमी होत जातो.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

‘लव्हाळा आला आहे’ एवढ्यावर तणनाशक सुचवू नये. शेतकऱ्याकडून मातीसह खणलेले झाड मागवावे. शंका राहिल्यास नमुना रोह्याजवळील किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा.